आत्या, तो भूकंप नव्हता

नांदेड,
देगलूर नाका, जिलानीच्या दुकानाच्या माडीवरून

तीर्थरूप सिंधुआत्यास,
तुझ्या तापट भाच्याचे, रामलिंगचे, दोन्ही पायांवर डोकं टेकून शरणार्थ. (हे डोकं तुझ्या पायावर तरी थंड राहतं, असं तूच म्हणालेलीस.)

तुझे गुडघे कसे आहेत? मामांचा खोकला गेला का? म्हैस व्याली का, आणि व्याली असेल तर रेडी की हल्या, हे कळव. दसऱ्याला मी आपट्याच्या पानांची जी पुडी तुझ्याकडं ठेवायला दिली होती, ती तू नेहमीप्रमाणे जपूनच ठेवली असशील. सहज आठवलं म्हणून विचारलं. फोन केला असता, पण तुझा फोन मामा उचलतात आणि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतात. मग मी इकडून बोलतो आणि तिकडून अख्खी गल्ली "हं, हं" करते. मागल्या वेळी माझ्या तब्येतीची चौकशी तुझ्याआधी दळण न्यायला आलेल्या बाईनं केली होती. म्हणून पत्र. जिलानी उद्या भोकरला लग्नाचा मंडप घेऊन येतोय, त्याच्या हाती देतोय. वाचून झालं की चुलीत घाल. मामांनी वाचायला मागितलं तर चष्मा सापडत नाही म्हणून सांग. (त्यांचा चष्मा आधी लपव.)

आता सगळ्यात महत्त्वाचं. लातूरला भूकंप झाल्याची बातमी तुझ्यापर्यंत आली असणारच, आणि तू देवासमोर दिवा लावून बसली असशील. आत्या, लातूरला भूकंप झाला नाही. तहसील हलली नाही, गंजगोलाईची पेठ जागच्या जागी गोल आहे, कुणाला खरचटलंही नाही. जे झालं ते मी केलं. पण ते कसं झालं हे सांगायचं तर मला तनुजापासून सुरुवात करावी लागेल, आणि तू आता तोंडावर पदर धरून हसणार हे मला इथून दिसून राहिलंय.

तुझ्या भिंतीला भिंत लावून पंढरीकाकांचं बी-बियाण्याचं दुकान, आणि तनुजा त्यांची पोरगी. मी सुट्टीत तुझ्याकडं का पडून राहायचो ते तुला तेव्हाच कळलं होतं, कारण कोणता भाचा दिवसातून तितक्या वेळा आत्याला "साखर संपली का, शेजारून आणू का" विचारतो? पहिल्या खेपेला तिला डॉक्टरकीला लागतील तेवढे मार्क पडले नाहीत. तेव्हा मी तिला धीर देण्यासाठी म्हणालो की सोड ते, एवढं काय त्यात. आत्या, माझा हेतू चांगला होता. पण ती म्हणाली, "मी निदान दुसऱ्यांदा परीक्षेला बसून तर राहिले. तू आजवर एक तरी गोष्ट पुरी केली का?" आणि दुसऱ्या खेपेच्या अभ्यासासाठी लातूरला निघून गेली. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी कुठलीही गोष्ट पुरी करू शकतो हे तिला दाखवायचंच, असा निश्चय करून मी दुसऱ्या दिवशी कॉलेज अर्ध्यात सोडलं. (आता लिहिताना यातला घोळ मला दिसतोय. त्या दिवशी दिसला नाही.) अप्पांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं. तुझा भाऊ रागावला तर ओरडत नाही, नुसता गप्प होतो, आणि ते ओरडण्याहून वाईट, हे तुला माहीतच आहे.

मग मी जिलानीकडं आलो. त्यांचा मंडप, लाईट आणि साउंडचा तीन पिढ्यांचा धंदा आहे, आणि वरच्या माडीवर भिंतींना गाद्या ठोकून केलेली एक खोली आहे, जिथं रिक्षावरच्या जाहिरातींचा आवाज भरतात. नांदेड-लातूरला सध्या काय चाललंय हे तुला भोकरला बसून कळायचं नाही. दर बोळात एक क्लास, दर खांबावर पोरांचे फोटो, आणि दर रिक्षावर एक भोंगा. त्या भोंग्यातून जो आवाज "प्रवेश सुरू! प्रवेश सुरू! मर्यादित जागा!" असं ओरडतो, तो माझा. आपल्याकडच्या औशाच्या बाजारात अप्पांनी तो कितीदा ऐकला असेल. ओळखला नाही, किंवा ओळखून गप्प बसले. ज्यानं स्वतःचा प्रवेश सोडला तो गावभर प्रवेश वाटत फिरतोय, असं जिलानी म्हणतो. त्याला मी त्या दिवशी चहा पाजला नाही.

दिवसा जाहिराती भरायच्या आणि उरल्या वेळात माझा अल्बम करायचा. नाव ठेवलं 'प्रवेश बंद'. रॅपचा आहे, म्हणजे गाणं म्हणायचं नाही, बोलायचं. पण बोलणं तालात आणि तावात. तबला-पेटी काही नाही. पत्रे ठोकायचा आवाज, रसवंतीचे घुंगरू, एसटी स्टँडवरची ती झोपेतली बाई ("कंधारकडे जाणारी गाडी..."), उडदाच्या खळ्यावरचं मळणीयंत्र, असं सगळं गोळा करून एकमेकांवर चढवलं. पहिलं गाणं शेवटपर्यंत ऐकून जिलानी विचारतो, "मियाँ, इसमें गाना कब चालू होता?" मी म्हटलं संपलं. तो म्हणाला, "अच्छा, ये गाना था? मेरेकू लगा तू किसीसे फोन पे झगड़ रहा।"

झगडाच होता आत्या. नऊ गाणी, त्यातली आठ रागाची. एक तिच्या दुसऱ्यांदा बसण्यावर, एक तिच्या बायोलॉजीच्या पुस्तकावर, एक तिच्या वेणीवर (ते जरा मऊ झालं, म्हणून शेवटी एक शिवी घातली). आणि चौथं, ज्याचं नाव आता मी घेणार नाही, ते पंढरीकाकांवर. त्यात मी तालासुरात म्हटलंय की तुझ्या बापाचं सोयाबीन उगवत नाही. त्यांचं बियाणं मी कधी पेरलेलं नाही. आपल्या गावातल्या लोकांनी पेरलंय आणि ते चांगलं गुडघाभर आलंय. पण 'बी'ला यमक हवं होतं.

नववं गाणं मात्र वेगळं. त्यात शब्दच नाहीत. तुला आठवतं, आपल्या पुनर्वसनाच्या घरात फळीवर पालथं ताट, त्याच्यावर स्टीलच्या गिलासांची उतरंड असते? त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तूच ती पहिल्यांदा रचलीस म्हणे, की जमीन जरा हलली तर आधी गिलास वाजतील आणि माणसं बाहेर पडतील. तुझ्या भोकरच्या घरीही आहे, आणि मामा त्याला हसतात. मी भूकंपानंतर जन्मलो. मला तो आवाज म्हणजे रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला एवढंच. गिलास किणकिण करायचे, अप्पा झोपेतून उठून बसायचे, मग पुन्हा आडवे व्हायचे आणि मला वाटायचं, चला, अप्पा जागे आहेत, आता आपण झोपायला हरकत नाही. म्हणून पोळ्याला गेलो तेव्हा ते गिलास गुपचूप पिशवीत घालून नांदेडला आणले, त्यांचा आवाज भरला आणि त्याखाली ट्रकसारखी खोल घरघर लावली. रागाच्या आठ गाण्यांनंतर हे एक तिनं ऐकावं, म्हणजे तिला कळेल, असं वाटत होतं. काय कळेल ते मला नीट सांगता आलं असतं तर शब्द घातले असते.

आता अल्बम तर झाला, पण तो तिच्यापर्यंत पोचवायचा कसा? लोक गाणी इंटरनेटवर टाकतात. पण तनुजाच्या होस्टेलात साधा बटणाचा फोन सोडून काही चालत नाही. तिथल्या रेक्टर गुणाबाई दारात बसून उशीच्या खोळीसुद्धा तपासतात. दिवाळीला ती घरी येईल, तेव्हा देता येईल असा माझा हिशोब होता, पण क्लासनं सुट्टीच दिली नाही. तेव्हा मला सुचलं की त्या बोळात जिथं वाराही गुणाबाईंना विचारून येतो, तिथं एक गोष्ट दिवसभर न विचारता येते-जाते. ती म्हणजे भोंग्याची रिक्षा.

रिक्षावाला केरबा. चांगला माणूस, पण व्यवहाराला कडक. अल्बमचं प्रकाशन रिक्षावरून करतो म्हटल्यावर त्यानं एकच अट घातली, "दर गाण्याच्या मदी-मदी 'प्रवेश सुरू' आलं पायजे. क्लासच्या मालकाचा कान लई तिखट हाय." म्हणून 'प्रवेश बंद'च्या प्रत्येक गाण्याच्या आधी आणि नंतर 'प्रवेश सुरू' घालावं लागलं. (क्लासचं नाव लिहीत नाही. त्यांच्याकडं पोरांपेक्षा वकील जास्त आहेत.) असं आठवडाभर माझं प्रकाशन लातूरच्या बोळातून फिरलं. लोकांनी काय म्हणून ऐकलं ते केरबा रोज फोनवर सांगायचा. उदगीरचा एक बाप पोरीचं दप्तर खांद्याला लावून रिक्षामागं पळाला आणि विचारू लागला की असं ओरडून शिकवणारा सर कुठल्या क्लासात आहे, आमची पोरगी वर्गात झोपते. एका पोरानं पंढरीकाकांचं गाणं ऐकून विचारलं, हे पेपरात येतं का? आणि एक कुत्रं पत्रे ठोकायच्या गाण्याच्या इतकं प्रेमात पडलं, की केरबाला त्याला भाकरी घालून परत पाठवावं लागलं.

पण तनुजाकडून काही नाही. ना खिडकी उघडली, ना निरोप आला. आत्या, माझं काय झालं असेल? तिनं आठही गाणी ऐकली, बापाचं सोयाबीनही ऐकलं, आणि तरी गप्प! मला वाटलं, आता नववं गाणं पोचलंच पाहिजे, त्याशिवाय ही गाठ सुटत नाही. पण नवव्यातली घरघर भोंग्यातून येईना. भोंगा म्हणजे नुसती कावकाव. (अशा घरघरीला साउंडवाले बेस म्हणतात.) जिलानी म्हणाला, "बेस कान से नहीं सुनते मियाँ, पेट से सुनते।" आणि लग्नाच्या वरातीत लागतात ती स्पीकरची कपाटाएवढी खोकी टेम्पोत चढवून तो माझ्याबरोबर लातूरला आला. (त्याच्या अब्बांना औशाला वरात आहे असं सांगितलं. भोकरला तो भेटेल तेव्हा ही वरात कशी झाली ते विचारू नकोस.)

दुपारची वेळ. पोरी मेसमध्ये जेवायला बसलेल्या. बोळ आधीच अरुंद, त्यात टँकर, त्यात आमचा टेम्पो. जिलानीनं बटण दाबलं. आधी गिलास किणकिणले आणि मग ती घरघर सुटली. आत्या, मी गाणं केलं होतं. पण बाहेर जे आलं ते गाणं नव्हतं. टेम्पोच्या काचा थरथरल्या. माझे दात वाजले. होस्टेलच्या मेसमध्ये फळ्यांवर रचलेल्या ताट-वाट्या आमच्या गिलासांना साथ देऊ लागल्या, आणि आतून गुणाबाईंचा आवाज आला: "भाईर! भाईर या पोरींनो! हातातलं टाका, भाईर!"

मग मी जे बघितलं ते मी विसरणार नाही. पंचावन्न-साठ वर्षांची ती बाई, एका कडेवर पाचवीच्या क्लासला कंधारहून आलेली सगळ्यात लहान पोरगी, दुसऱ्या हातानं एकेकीला दाराबाहेर ढकलून राहिलेली. त्यांचं बघून शेजारचं होस्टेल रिकामं झालं, त्यांचं बघून समोरचे दोन क्लास. कुणाच्या हातात वरणाची वाटी, कुणाच्या पायात एकच चप्पल. जिलानीनं घाबरून बटण बंद केलं, पण तोवर अख्खा बोळ रस्त्यावर मधोमध बसला होता, भिंतींपासून लांब, जसं आपल्या गावात पोरांना चालायच्या आधी शिकवतात तसं. आणि मग सगळ्या पोरींच्या बटणाच्या फोनांची घंटी एकदम वाजायला लागली. हिंगोलीची आई, उदगीरचा बाप, देगलूरची आजी. बातमी आमच्या बेसपेक्षा जोरात पोचली होती.

मी मधे उभा राहून ओरडलो की भूकंप नाही, गाणं होतं. कुणी मनावर घेईना. मग मी टेम्पोतून पिशवी काढून गिलास दाखवले आणि गुणाबाईंसमोर वाजवले. त्यांनी माझ्या हातातला एक गिलास घेतला, बघितला. मला वाटलं आता तो माझ्या डोक्यात बसतो. पण त्या म्हणाल्या, "कुठल्या गावचा रं तू?" मी गावाचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तुला ठाव असाया पायजे व्हतं." एवढंच. कडेवरच्या पोरीचं नाक पुसलं, गिलास परत दिला आणि पोरींना मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आत्या, मी आजवर खूप शिव्या खाल्ल्या आणि दिल्या, पण ते सहा शब्द त्या सगळ्यांहून लागले. मी तिथंच रस्त्यावर बसलो. जो आवाज मला झोप आणायचा, त्यानं तुमची झोप नेलेली होती, हे मला तुझ्या घरी, आपल्या घरी, इतकी वर्षं डोळ्यासमोर गिलास असून कळलं नव्हतं.

आणि मग तनुजा दिसली. अनवाणी, केसात पेन खोचलेलं, हातात पुस्तक, त्यात बोट. सगळ्या पोरी रडून राहिल्या आणि ही इकडं-तिकडं बघून राहिली, झोपेतून उठवल्यासारखी. माझ्यासमोर आली. माझ्या मनात एकदम सगळी आठ गाणी ओळीनं उभी राहिली, त्यात पंढरीकाकांचं सोयाबीनही, आणि मला वाटलं, जमीन खरंच फाटली तर बरं. तिनं एका कानातून कापसाचा बोळा काढला. मग दुसऱ्या कानातून काढला. आणि म्हणाली, "काय झालं?"

मी म्हणालो, "भूकंप नाही. मीच आहे."

"तू? तू इथं काय करून राहिला?"

"जाहिरात."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं तुमची म्हैस नव्या गड्याकडं बघते. "म्हंजे ते 'प्रवेश सुरू, प्रवेश सुरू' तूच? अरे, त्या आवाजानं तर मी म्हैनाभर झाला कापूस घालून बसते! चार-पाच पोरींना मीच पुरवते कापूस!"

आत्या, महिनाभर! आठवडाभराचं माझं सगळं प्रकाशन, आठ गाणी, चौथ्यासकट, तिच्या कापसाच्या बाहेरून निघून गेलं. एक शब्द आत गेला नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी हसायला लागलो, आणि भूकंपात कुणी हसतंय हे ऐकून एका पोरीच्या आईनं फोनवरच मला शिव्या घातल्या. आठवडाभर ज्या पोरीनं ऐकावं म्हणून मी जिवाचं रान केलं, तिनं काही ऐकलं नाही म्हणून मी देवाला नारळ कबूल केला आहे. (नारळ भोकरच्या महादेवाला. तू पुढं हो, मी मागून येतो.)

ती म्हणाली, "ऐकू काहीच आलं नव्हतं. पण पायाखाली कायतरी हललं, म्हणून मी पुस्तकातून डोकं वर काढलं." मग जरा थांबून, "ते तू केलं?" मी हो म्हटलं. "पुरं केलं?" मी म्हटलं, पुरं केलं. कापूस पुन्हा कानात घालायला ती निघाली होती, तो तिनं हातातच ठेवला. आणि म्हणाली, "शिवरात्रीला दोन दिवस भोकरला येणार हाय मी. आत्याकडं ये. दारातून ये, टेम्पो घेऊन नको."

तेवढ्यात ज्यांची जाहिरात फिरत होती त्या क्लासचे सर आले. ते आमचा टेम्पो पोलिसात देतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी आमचाच माईक घेऊन सगळ्यांना सांगितलं की घाबरू नका, आमच्या क्लासची नवी इमारत भूकंपरोधक आहे, संध्याकाळी बघायला या. मग माईक खाली ठेवून मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यातही ताल होता. टेम्पोमागं रिक्षा लावून उभा असलेला केरबा तेवढ्यात सटकला. जिलानी आणि मी गुणाबाईंच्या मेसमध्ये सांडलेलं वरण पुसून काढलं. निघताना त्यांनी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. भाकरी न विचारता दुसऱ्यांदा वाढली.

येताना वाकडी वाट करून टेम्पो आपल्या गावावरून घेतला. अप्पा ओसरीत बसले होते. मी सरळ आत गेलो, फळीवर पालथं ताट ठेवलं, गिलास एकावर एक रचले. रचताना दोनदा पडले, आणि दोन्ही वेळा अप्पा दचकून उठले. तिसऱ्यांदा राहिले. अप्पा आले, खालून वर बघितलं, बोटानं सगळ्यात वरचा गिलास जरासा सरकवला आणि म्हणाले, "वरचा वाकडा हाय." आत्या, कॉलेज सोडल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य. मी टेम्पोत बसून नांदेडपर्यंत ते वाक्यच मनात म्हणत आलो. जिलानी म्हणाला, "इसपे गाना बना।" मी म्हटलं, नक्को.

तर असं आहे. सगळे सुखरूप आहेत, मी सुखरूप आहे, गिलास जागेवर आहेत. तुझ्या गुडघ्यांना तीळतेल लाव. मामांना नमस्कार, म्हशीला कुरवाळ.

तुझा,
रामलिंग

ता.क. दसऱ्याची ती आपट्याच्या पानांची पुडी. त्यात नुसती पानं नाहीत. पानांच्या मधे बोटाच्या नखाएवढं एक काळं मेमरी कार्ड आहे, आणि तनुजा दिवाळीला आली की तिच्या हातात दे असं मी तुला सांगितलं होतं. आत्या, देऊ नकोस! हे सगळं पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिलं आहे. सगळी नऊ गाणी त्यात आहेत, चौथ्यासकट. शिवरात्रीला ती तुझ्या घरी येईल तेव्हा तू प्रेमानं आठवण ठेवून पुडी काढशील, आणि तिच्या कानात तेव्हा कापूस नसेल. कार्ड उद्याच जिलानीच्या हाती परत पाठव.

ता.क. जिलानीकडं नको. तो लग्नाच्या मंडपात लावून बघेल, आणि लग्नाला पंढरीकाका असतील. तूच चुलीत घाल.

ता.क. त्यांच्या दुकानातून आपल्या अप्पांसाठी सोयाबीनचं बी घेऊन ठेवशील का? चांगलं उगवतं म्हणतात. माझं नाव सांगून घे, आणि दोन चांगले शब्द घाल माझ्यासाठी.

ता.क. चुलीत नको घालू. रागाची आठ लावू नकोस, पण नववं ठेव. तुझ्याच गिलासांचं आहे, तूच रचलेलं. कुणी घरात नसताना एकदा ऐक आणि मग मला सांग, की ते तिला ऐकवावं का नाही. तू नाही म्हणालीस तर नाही. फक्त लावायच्या आधी आपल्या फळीवरचे गिलास उतरवून खाली ठेव, आणि दार उघडं ठेव.

रा.